चहा धरत नाहीत

डॉक्टर कागदावर ‘1-0-1’ लिहून शेजारी ‘जेवणाआधी’ किंवा ‘जेवणानंतर’ असं खरडतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे एक आदर्श माणूस असतो. तो सकाळी आठला नाश्ता करतो, दुपारी एकला जेवतो, रात्री आठला पुन्हा जेवतो आणि मधल्या वेळात तोंड बंद ठेवतो. असा माणूस मला अजून भेटलेला नाही. आमच्याकडे जेवण कधी सुरू झालं हे एक वेळ सांगता येईल, पण त्याआधीचं खाणं कधी संपलं हे कुणी शपथेवर सांगणार नाही.

आईची थायरॉइडची गोळी घ्या. म्हणजे तुम्ही घेऊ नका, उदाहरणादाखल घ्या. ही गोळी सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास पोटात काही टाकायचं नाही. डोस वाढवला तरी रिपोर्टातला टीएसएचचा आकडा काही खाली येईना. शेवटी डॉक्टरांनी उलटतपासणी घेतली.

‘‘आजी, गोळी उपाशीपोटीच घेता ना?’’

‘‘अगदी उपाशीपोटी. बिस्किटसुद्धा नाही.’’

‘‘आणि चहा?’’

‘‘तो होतो की आधी.’’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आईच्या हिशेबात चहा हे खाणं नव्हे आणि पिणंही नव्हे. चहा झाल्याशिवाय ती उठलेलीच नसते, मग गोळी घेणार कोण? पण चहाबरोबर घेतलेली ही गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही, आणि कॅल्शियमची गोळी तर तिच्यापासून 4 तास लांब ठेवावी लागते. आई दोन्ही एकाच घोटात संपवायची, ‘एकदाची कटकट गेली’ म्हणून. आता ती पहाटे पाचला पाणी प्यायला उठते तेव्हाच थायरॉइडची गोळी घेते. चहाचं पातेलं त्यानंतर तासाभराने चढतं. तो तास घरातल्या इतरांना जड जातो, हा भाग वेगळा.

ॲसिडिटीच्या गोळीला वेगळाच न्याय. पोटात आम्ल सोडणारे जे पंप असतात ते अन्न आलं की कामाला लागतात, म्हणून पँटोप्राझोलसारखी गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. पण आधी मिसळ, मग दोनदा मागून घेतलेली तर्री, मग जळजळ आणि मग गोळी, हा आमचा क्रम. वरातीमागून घोडं! उलट अंगदुखीच्या गोळीला पोटात अन्न हवं, तर ती आम्ही मारी बिस्किटाच्या अर्ध्या तुकड्यावर घेतो आणि त्याला ‘खाऊन घेतली’ म्हणतो. थोडक्यात, गोळीच्या आधी चहा प्यायला तर पोट रिकामं आणि नंतर बिस्किट खाल्लं तर पोट भरलेलं, असा सोयीचा कायदा घरोघर लागू आहे.

आपला वाग्भट या बाबतीत जास्त व्यवहारी होता. ‘अष्टांगहृदया’त त्याने औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत. उपाशीपोटी, जेवणाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी, दोन घासांच्या मध्ये, प्रत्येक घासाबरोबर, अन्नात मिसळून, जेवणाच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा, रात्री झोपताना. आणि श्वास, उचकी अशा दुखण्यांत पुन्हापुन्हा. घराघरांतल्या पंगती जवळून पाहिल्याशिवाय इतकी बारीक यादी होत नाही. चहानंतरचा अकरावा काळ तेवढा त्यात नाही, कारण चहा अजून यायचा होता.

साखरेच्या गोळीशी मात्र अशी मस्करी चालत नाही. आमचे नानाकाका पुतणीच्या लग्नाला भल्या पहाटे निघाले. वक्तशीर माणूस, त्यामुळे गोळी नेहमीच्या वेळी गाडीतच घेतली आणि ‘नाश्ता कार्यालयात आहेच’ म्हणून घरून काही खाल्लं नाही. कार्यालयात पोचेपर्यंत उपमा संपला होता. मुहूर्त बारा पस्तीसचा, पहिली पंगत मुलाकडच्यांची. मंगलाष्टकांच्या चौथ्या कडव्याला काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. कुणी म्हणालं उकाडा, कुणी म्हणालं दृष्ट. एका आत्याने ‘मुलगी सासरी चालली, जीव कासावीस होणारच’ असं निदान केलं. सुदैवाने एक शहाणी भाची धावली, तिने पाण्यात तीन चमचे साखर घालून त्यांना पाजली. थोड्या वेळात काका आहेराची पाकिटं मोजायला बसले. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न येवो न येवो, इन्सुलिन सोडायला लावतेच. म्हणून ताट पुढ्यात आलेलं दिसल्यावरच ती घ्यायची. नुसत्या आमंत्रणावर घेऊ नये.

हेच काका आयुष्यभर बँकेत होते, त्यामुळे चुकलेली गोळी ही त्यांच्या दृष्टीने थकबाकी. सकाळची राहिली की रात्री दोन घेऊन खातं नील. त्यांना समजावताना डॉक्टरांची दमछाक झाली. साधारण नियम असा की, आठवलं की घ्यावी, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दुप्पट मात्र कधीच नाही. बीपीच्या दोन गोळ्यांनी माणूस उठताना भोवंडतो, आणि साखरेच्या एकाच गोळीने उपाशीपोटी काय होतं ते अर्ध्या मांडवाने पाहिलंच आहे, मग दोनची गोष्टच नको. थायरॉइडच्या गोळीचं औषध आठवड्यानंतरसुद्धा निम्मं अंगात असतं, त्यामुळे ती एक दिवस चुकली म्हणून घर डोक्यावर घ्यायचं कारण नाही. पण फिट्सच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीला हा ढोबळ नियम लावू नये, तिथे सरळ डॉक्टरांना फोन करावा.

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे घेतली की नाही हेच न आठवणं. काकू म्हणते ‘घेतलीत’, काका म्हणतात ‘ती कालची’. यावर उपाय म्हणून मी त्यांना सात कप्प्यांचा डबा आणून दिला. गुरुवारच्या कप्प्यात आता लवंगा असतात.

संकष्टीला तर धर्मसंकटच. चंद्रोदय रात्री नवाच्या पुढे, कागदावर लिहिलंय ‘जेवणानंतर’. काकूचा प्रश्न असतो की गोळीने उपास मोडतो का. खरं तर विचारायला हवं ते उलटंच, उपासाने गोळी मोडते का? साखरेची गोळी चालू असताना दिवसभर निरंकार राहायचं तर आधी डॉक्टरांना विचारून वेळ आणि डोस बदलून घ्यावा लागतो. बाप्पा एक वेळ खिचडीवर भागवून घेईल, गोळी घेणार नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा आपली जेवायची खरी वेळ सांगा. चहा किती वाजता होतो तेही सांगा, आणि उपासांचे वारही. उठण्याआधी ‘एखादी विसरलो तर काय करू?’ एवढं विचारून घ्या आणि उत्तर त्याच कागदावर लिहून आणा. त्याची वेगळी फी पडत नाही.