खोलीत प्लग एकच

परदेशी निघालेल्या मराठी घरात पूर्वी वाद व्हायचा तो फराळ किती किलो न्यायचा यावर. आता किती जीबी न्यायचे यावर होतो. फराळाचा वाद म्हणून काही मिटलेला नाही. तो आधी होतो, मग चहा होतो, मग जीबी.

आम्ही चौघं निघालो होतो: मी, नवरा, धाकटे दीर आणि जाऊ. आधी पॅरिस, मग स्वित्झर्लंड. पुतण्या पुण्यात आजीजवळ राहणार होता आणि त्याची नोकरी संगणकातली, तेव्हा उपकरणांचं खातं त्याच्याकडे गेलं. माझ्याकडे रोजचा ब्लॉग लिहायचं काम होतं. नातेवाइकांची तशी अटच होती, कारण मागच्या प्रवासाचं वर्णन नवऱ्याने परत आल्यावर तोंडी केलं होतं.

पुतण्याने आम्हाला समोर बसवून पहिला धडा दिला तो तीन-दोन-एकचा. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला हा नियम आहे. फोटोंच्या तीन प्रती ठेवायच्या, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्याच ठिकाणी. दीर बँकेतून निवृत्त झालेले. हा नियम आपल्याला आधी का सुचला नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं. त्यांनी मेमरी कार्ड, एसएसडी आणि पेन ड्राइव्ह अशी तीन प्रतींची सोय केली आणि तिन्ही वस्तू कमरेच्या एकाच पाऊचमध्ये ठेवल्या.

"बाबा, चोराने पाऊचच नेलं तर?"

"तर तिन्ही प्रती एकत्र तरी राहतील," दीर म्हणाले.

लिहायचं कशावर, हा दुसरा प्रश्न. नवऱ्याचं मत लॅपटॉपला. "दीडच तर किलो आहे," असं ज्याला वाटतं तो माणूस लॅपटॉप स्वतःच्या खांद्याला कधी लावत नाही, हे मी लग्नानंतर फार लवकर शिकले. शिवाय दीड किलो हे वजन नुसत्या लॅपटॉपचं. चार्जर, माउस, आणि माउस ज्याच्यावर फिरतो ते रबर हे वेगळं. मी फोन आणि घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला. दोन्ही मिळून पर्समध्ये मावतात आणि चकलीच्या डब्याला जागा राहते. जाऊ म्हणाली, "टाइप कशाला करता, बोला की त्याच्याशी." फोन मराठी ऐकून मराठी लिहितो हे खरं आहे, आणि आपल्या शब्दांत तो चुकतोही कमी. पण त्याच्यापुढे स्वित्झर्लंडमधलं "युंगफ्राउयोख" म्हटलं की तो "युग फार योग्य" असं लिहितो, आणि संपूर्ण वाक्याला एकदम कीर्तनाचा रंग चढतो.

पॉवर बँकेचा निकाल दीरांनी स्वयंपाकघरातच लावला. विमानात ती फक्त हातातल्या सामानात चालते, आणि परवानगीशिवाय शंभर वॉट-अवरपर्यंतच. नवऱ्याने तीस हजार एमएएचची धोंड आणली होती. दीरांनी तीन पूर्णांक सातने गुणलं, हजाराने भागलं, एकशे अकरा आले. "दादा, ही परत कर." वीस हजारवाली आली, चौऱ्याहत्तर वॉट-अवरची. नवरा विमानतळापर्यंत गप्प होता.

विमानात दीरांनी वेगळंच काम काढलं. गूगलने १ जून २०२१पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली, आणि तेव्हापासून मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून पंधरा जीबीत संसार करावा लागतो. दीरांच्या पंधरापैकी चौदा जीबी शुभ सकाळीची सूर्यफुलं आणि लग्नपत्रिकांचे व्हिडिओ होते. फोनवर उतरवून घेतलेली ती सूर्यफुलं ते अरबी समुद्रावर एकेक करून पुसत होते. मध्येच एखादी पत्रिका उघडून "या पोराचं पुढे काय झालं गं?" असं जाऊला विचारत होते.

पॅरिसबद्दल या बाबतीत लिहिण्यासारखं काही नाही. तिथे सगळं चाललं.

घोटाळा सुरू झाला तो बाझलला. दीरांनी ऑनलाइन ई-सिम घेतलं होतं आणि त्यावर "युरोप" असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पॅरिसहून निघालेली आगगाडी सीमा ओलांडून बाझल स्टेशनात शिरली आणि त्यांचं नेट गेलं. स्वित्झर्लंड युरोपात आहे हे भूगोलाच्या पुस्तकापुरतं. युरोपीय संघात तो नाही, आणि संघात २०१७पासून असलेला घरच्याच दराने रोमिंग देण्याचा नियम या देशाला लागू नाही. म्हणून पुष्कळ "युरोप" योजनांच्या यादीत हा देश नसतो. पैसे भरण्यापूर्वी यादी शेवटपर्यंत वाचायची असते. दीरांनी ती आता वाचली, मोठ्याने, सगळ्या देशांसकट.

मुक्काम लाउटरब्रुनेनला होता. हे दरीत वसलेलं गाव आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि त्यातल्या एकावरून जवळजवळ तीनशे मीटरवरून श्टाउबबाख धबधबा खाली येतो. खोलीच्या खिडकीतून तो दिसत होता. जाऊ आणि मी तो बघत होतो. दोघे भाऊ मात्र गुडघ्यावर बसून पलंगाखाली बघत होते.

"वहिनी, एकच आहे," दीर आतून म्हणाले.

चौघांच्या खोलीत मोकळा प्लग एक. तोही स्विस पद्धतीचा: भिंतीत खोल गेलेला, षटकोनी, तीन बारीक भोकांचा. दीरांनी घरून एक्स्टेंशन बोर्ड आणला होता आणि त्याचा तीन जाड पायांचा भारतीय प्लग बसवायला "युरोपचा" अडॅप्टरही आणला होता. पण तो अडॅप्टर जर्मन पद्धतीचा, वाटोळा. तो त्या षटकोनात शिरेना. नवऱ्याने जरा जोर लावून पाहिला, मग त्याच्या स्वभावाप्रमाणे जरा जास्त. एवढ्या सगळ्या सामग्रीतून त्या भोकात अलगद बसला तो जाऊच्या मोबाइलचा साधा, चपट्या तोंडाचा, दोन बारीक पायांचा चार्जर. आणि दुसरी एक वस्तू बसली. जाऊची चहाची इलेक्ट्रिक केटल.

प्रवासासाठी तंत्रज्ञान निवडायचं म्हणून लोक महिनोन्‌महिने कॅमेऱ्यांची तुलना करतात. माझं स्पष्ट मत असं झालं आहे की कॅमेरा कुठलाही घ्या, विचार करायचा तो त्या एका प्लगचा. रात्री नऊ ते अकरा या वेळात त्याच्यावर दोन कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या, चार फोन, पॉवर बँक आणि केटल यांचा हक्क असतो. केटलच्या बाजूने जाऊ असते, म्हणजे निकाल ठरलेलाच. "तुमचे फोटो सकाळीही असतील, माझं डोकं आत्ता दुखतंय," एवढं ती म्हणाली की तीन-दोन-एकचा नियम शून्यावर येई. मग चहा व्हायचा, मग रेडीमिक्सचा उपमा, आणि मग "आता लावा काय लावायचं ते."

दुसऱ्या दिवशी गावातून स्विस अडॅप्टर आणला. त्यावर भारतीय बोर्ड बसला, आणि दीर त्या बोर्डाकडे पहिल्या पगाराकडे बघावं तसं बघत राहिले. तेवढ्यात कॉरिडॉरमधून एका गुजराती आजोबांनी डोकावून "जरा एक पॉइंट मिळेल का?" असं हिंदीत विचारलं.

आता बोर्ड आला, पण फोटो ठेवायचे कुठे? त्याच दिवशी आम्ही ब्रिएन्झ सरोवरावरच्या इझेल्टवाल्डला गेलो होतो. तिथे एक छोटा लाकडी धक्का आहे. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' या कोरियन मालिकेत तो दिसला आणि आशियातून इतकी माणसं लोटली की २०२३मध्ये गावाने धक्क्यावर फिरतं फाटक बसवलं. फोटोसाठी आत जायचे पाच फ्रँक, साधारण पाचशे रुपये. पाचशे रुपये देऊन एक फोटो काढून बाहेर येणारी जाऊ मी तरी पाहिलेली नाही. तिने शटरवरून बोट उचललंच नाही. एका सेकंदात दहा याप्रमाणे तिने पैसे वसूल केले. नवरा शेजारी उभा राहून फोर-केमध्ये व्हिडिओ घेत होता. त्याचं एक मिनिट सेटिंगप्रमाणे पावणेदोनशे ते चारशे एमबी खातं, आणि त्याला सरोवर डावीकडून उजवीकडे आणि मग उजवीकडून डावीकडे दाखवायची सवय आहे.

रात्री दीरांनी हिशेब मांडला. कार्ड चौसष्ट जीबीचं, भरलेलं. हॉटेलच्या वाय-फायवर वर चढवायचा वेग सेकंदाला पाच मेगाबिट. गुणाकार, भागाकार. "अठ्ठावीस तास," ते म्हणाले. तोवर पुढच्या दिवसाचं कार्ड भरणार होतं. म्हणजे आम्ही जसजसा प्रवास करू तसतसे मागे पडत जाणार होतो.

यात शहाणपणाची गोष्ट अशी की वर सगळं पाठवायचंच नसतं. रात्री कार्डावरून एसएसडीवर प्रत काढायची, कार्ड पुसायचं नाही, नवं कार्ड लावायचं. कार्डं आता स्वस्त आहेत, छत्तीसच्या रोलप्रमाणे ती भरून बाजूला ठेवावीत. एसएसडीचं वजन पन्नास-साठ ग्रॅम. ती बायकोच्या पर्समध्ये आणि कार्डं नवऱ्याच्या खिशात गेली की दोन ठिकाणं झाली. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे क्लाउडवर, निवडक तेवढं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की झाला बॅकअप, असं नवऱ्याला वाटतं. तिथून फोटो परत मिळतो खरा, पण बारीक होऊन, आणि कधी-कुठे काढला ही त्याच्या पोटातली माहिती गाळून.

तर निवडक पाठवायला दीर बसले, आणि खात्याने कोड मागितला.

ते खातं पुतण्याने उघडलं होतं, त्यामुळे कोणी अनोळखी देशातून शिरतंय असं वाटलं की सहा आकडी कोड त्याच्या फोनवर जाई. आमचे रात्रीचे दहा म्हणजे पुण्यात दीड. बिचारा उठून सांगायचा. एका रात्री मात्र फोन हॉलमध्ये राहिला आणि उचलला सासूबाईंनी. नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकला.

"आई, या फोनवर आत्ता एक मेसेज आला असेल बघ. त्यातला नंबर वाच," दीर म्हणाले.

"आलाय. पण कुणाला सांगू नका, असं लिहिलंय त्यात."

"अगं, मी बोलतोय!"

"ते लोकही असंच म्हणतात."

"माझा आवाज ओळखत नाहीस?"

"आवाज काढता येतो हल्ली. पेपरात आलं होतं."

दोष कुणाला देणार? बँकेत असताना दीरांनीच "ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मी मागितला तरी नाही" असं ठळक लिहून आईच्या फ्रिजवर चिकटवलं होतं.

"बरं, मग सांग," सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या मुंजीत चांदीची वाटी कुणी हरवली?"

दीरांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "दादाने."

"मी नाही हरवली!" नवरा पलंगावरून उठलाच. "मावशीच्या पिशवीत गेली होती ती!"

"हं, तुम्हीच आहात," सासूबाईंची खात्री पटली. "घे लिहून. एकोणनव्वद, सत्तेचाळीस, बावीस."

दीरांनी घाईत एकोणऐंशी दाबलं. ते चूक निघालं. मग एकोणनव्वद म्हणजे नेमके किती, यावर स्वित्झर्लंडमध्ये दोन भावांत चर्चा झाली, आणि ती संपेपर्यंत कोडची मुदत संपली. नवा कोड मागवला. तिकडून आवाज आला, "अरे, आता दुसराच आलाय. हा कुणाचा?"

अशी खाती आणीबाणीसाठी एकेकदा चालणारे कोड आधीच काढून देतात. ते कागदावर उतरवून पासपोर्टबरोबर ठेवावेत. सगळ्या सामानात मला सर्वांत उपयोगी वाटलेलं उपकरण तो कागद, आणि तो आम्ही नंतर केला.

ब्लॉगचं माझं सुरळीत चाललं, कारण मी नेटची वाट पाहिली नाही. गाडीत बसून फोनवरच्या साध्या वहीत लिहायचं, नेट मिळेल तेव्हा चढवायचं. मजकूर काय, दोन-चार केबीचा. दिवसभराचं लिखाण नवऱ्याच्या व्हिडिओच्या अर्ध्या सेकंदातही मावलं असतं. गोडसे भटजींनी १८५७च्या धामधुमीतला आपला प्रवास कित्येक वर्षांनी आठवून लिहिला आणि 'माझा प्रवास' छापून आला १९०७ साली. मधल्या काळात त्यांना कुणी पासवर्ड विचारला नाही.

युंगफ्राउयोखला गेलो तो दिवस स्वच्छ होता. ३,४५४ मीटरवरचं हे रेल्वे स्टेशन १९१२पासून चालू आहे, युरोपातलं सर्वांत उंच. थंडीत लिथियमच्या बॅटऱ्या माना टाकतात म्हणून नवऱ्याने दोन जादा बॅटऱ्या बंडीच्या आतल्या खिशात उबेला ठेवल्या होत्या आणि दर दहा मिनिटांनी तो छाती चाचपत होता. एका स्विस बाईंनी काळजीने डॉक्टर हवा का, असं विचारलं.

घरी आल्यावर दीरांनी सगळ्यांचे फोटो एकत्र करून वेळेप्रमाणे लावले आणि टीव्हीवर सासूबाईंना दाखवायला घेतले. फोन जिथे जाईल तिथली वेळ आपोआप घेतो. नवऱ्याचा कॅमेरा मात्र सगळा प्रवास पुण्याच्या वेळेवर चालला होता, उन्हाळ्यातल्या स्विस वेळेपेक्षा साडेतीन तास पुढे. त्यामुळे अल्बममध्ये आम्ही सकाळी गाडीने वर जातो, बर्फात हसतो, दुपारी खाली येऊ लागतो, आणि तेवढ्यात पुन्हा वर जाऊन पुन्हा हसतो.

"दोनदा गेलात होय?" सासूबाईंनी विचारलं. "तिकीट किती होतं?"

दीर खोटं बोलत नाहीत. "माणशी दोनशे फ्रँकच्या वर."

सासूबाईंनी ते रुपयांत करून मागितलं, आणि मग त्या बराच वेळ आपल्या थोरल्या मुलाकडे बघत राहिल्या. दीरांनी फोनची वेळ, कॅमेऱ्याची वेळ, साडेतीन तासांचा फरक, सगळं कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण दुसऱ्यांदा गेलात तेव्हा निदान स्वेटर तरी बदलायचा."