खुनी कोण ते सोडून बोला

पुस्तक प्रकाशनाला येणाऱ्या अध्यक्षांनी निदान पुस्तक चाळून यावं, अशी लेखकाची माफक अपेक्षा असते आणि ती बहुतेक वेळा धुळीला मिळते. अध्यक्ष गाडीत बसल्या बसल्या मलपृष्ठावरचा मजकूर वाचतात आणि भाषणाचा उरलेला वेळ स्वतःच्या बालपणात घालवतात. रहस्यकथाकार मात्र व्यासपीठावर बसून उलटी प्रार्थना करत असतो : देवा, यांनी पुस्तक वाचलेलं नसू दे. कारण आपण वाचलं आहे हे चारचौघांत सिद्ध करायचं, तर शेवट सांगण्याहून सोपा पुरावा कोणता? "वहिनींचं पात्र लेखकाने इतकं सोज्ज्वळ रंगवलंय, की विषाची बाटली त्यांच्याच ट्रंकेत सापडते तेव्हा आपण थक्क होतो," एवढं एक वाक्य माइकवरून गेलं, की दाराजवळच्या टेबलावर सवलतीत मांडलेल्या प्रतींकडे कोण बघणार?

बाकीच्या लेखकांचं बरं असतं. कवी कविता वाचतो. नको म्हटलं तरी वाचतो. आत्मचरित्रकाराला चिठ्ठी पाठवून थांबवावं लागतं. कादंबरीकार आपल्याला सर्वांत आवडलेला, म्हणजे नेमका पुढच्या रांगेला डुलकी लावणारा उतारा निवडतो. रहस्यकथाकाराला निवड नाहीच. त्याला पहिलं प्रकरण वाचावं लागतं, कारण दुसऱ्यापासून धागेदोरे सुरू होतात. प्रेत सापडतं, कुत्रं भुंकतं, इन्स्पेक्टर पायरीवर उभा राहून रुमालाने कपाळ पुसतो, पुस्तक मिटलं, टाळ्या. मग प्रश्नोत्तरं, आणि तिथे हा गृहस्थ वकिलाने पढवून पाठवलेल्या साक्षीदारासारखा बोलतो. नोकराला काही माहीत होतं का? त्याविषयी आत्ता बोलणं योग्य होणार नाही. काकूंचा स्वभाव असा का? ते पुढे कळेल. आपल्याच पुस्तकाविषयी तासभर बोलायचं आणि पुस्तकात काय आहे ते सांगायचं नाही, अशी ही कसरत आहे.

या बाबतीत अगाथा ख्रिस्ती आदर्श म्हणायला हवी. तिला कार्यक्रमच नको असायचे. लंडनच्या 'डिटेक्शन क्लब'ची गोष्ट घ्या. १९३० साली रहस्यकथाकारांनी काढलेली ही मंडळी, जी. के. चेस्टरटन पहिले अध्यक्ष. नव्या सभासदाला एरिक नावाच्या कवटीच्या साक्षीने शपथ घ्यावी लागे, की माझा गुप्तहेर डोकं चालवूनच गुन्हेगार शोधेल. दैवी साक्षात्कार, योगायोग असल्या वाटांनी जाणार नाही आणि वाचकापासून महत्त्वाचा दुवा लपवणार नाही. ही शपथ आपल्या दूरचित्रवाणी मालिकांच्या लेखकांनाही द्यायला हरकत नाही, पण एवढ्या कवट्या आणायच्या कुठून? असो. पुढच्या एक अध्यक्ष डोरोथी सेयर्स गेल्यावर अध्यक्षपद ख्रिस्तीबाईंकडे आलं. त्यांनी ते एका अटीवर घेतलं : भाषण करणार नाही. मग भाषणापुरते लॉर्ड गोरेल नावाचे एक उमराव सहअध्यक्ष म्हणून नेमले गेले. आपल्याकडे याच्या नेमकं उलट असतं. भाषण करायला चार जण तयार. अध्यक्षपदाची बाकीची कामं कोणीतरी करा, एवढीच अट.

ख्रिस्तीबाईंच्या 'द माउसट्रॅप' या नाटकाचा लंडनमधला पहिला प्रयोग २५ नोव्हेंबर १९५२ला झाला. करोनाच्या काळात पडदा खाली राहिला तेवढा सोडला, तर ते चालूच आहे. प्रयोग संपला की एक नट पुढे येऊन प्रेक्षकांना विनंती करतो, की खुनी कोण ते कृपया बाहेर कोणाला सांगू नका. आणि लोक सांगत नाहीत! निदान मुद्दाम जाऊन सांगत नाहीत. पिढ्यान् पिढ्या लोकांनी पोटात ठेवलेलं हे गुपित आहे, ही गोष्ट मला त्या खुनाहून गूढ वाटते. आमच्या सोसायटीत पुनर्विकासाचा 'अत्यंत गोपनीय' प्रस्ताव आला होता, तो समितीची बैठक संपायच्या आत इस्त्रीवाल्याला ठाऊक होता.

याच नाटकाने प्रयोगांचा विक्रम केला, म्हणून १९५८ साली सॅव्हॉय हॉटेलात मोठी मेजवानी झाली. ख्रिस्तीबाई थोड्या लवकर पोचल्या. दारावरच्या माणसाने त्यांना ओळखलं नाही आणि अजून आत जाता येणार नाही म्हणून थांबवलं. त्या 'मी कोण आहे माहीत आहे का?' असं न म्हणता मुकाट्याने मागे वळल्या. हे त्यांनी स्वतःच पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे. जगाला खुनी ओळखायला शिकवणारी बाई, आणि तिलाच दारात कोणी ओळखेना. पण त्याच आत्मचरित्रात आणखी एक प्रसंग यायला हवा होता, तो नाही. १९२६च्या डिसेंबरात त्या अकरा दिवस बेपत्ता होत्या. सारं इंग्लंड शोधत होतं, आणि अखेर त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात दुसऱ्याच नावाने राहताना सापडल्या. का गेल्या, काय झालं, यावर आत्मचरित्रात चकार शब्द नाही. वाचनालयातल्या कार्यक्रमांना त्या का धजल्या नसाव्यात, याचा मला वाटतो तो उलगडा इथे आहे. प्रश्नोत्तरांत पहिला हात वर झाला असता तो याच प्रश्नासाठी.

मात्र मनातली चिडचिड त्यांनी वाया घालवली नाही. ती एरिआडनी ऑलिव्हरच्या पदरात टाकली. ही त्यांच्याच कादंबऱ्यांतली रहस्यकथाकार बाई. तिचा गुप्तहेर फिनलंडचा, आणि फिनलंडविषयी हिला काडीची माहिती नाही. त्यामुळे तो माणूस तिला नकोसा झालेला. ख्रिस्तीबाईंनाही आपल्या गुप्तहेराचा, पायरोचा, कंटाळा आला होता, हे लक्षात घेतलं की यातली गंमत कळते. १९५६च्या 'डेड मॅन्स फॉली'मध्ये गावच्या जत्रेसाठी या ऑलिव्हरबाईंना खुनाचा खेळ रचायला बोलावतात : खोटं प्रेत, खोटे पुरावे, खुनी शोधणाऱ्याला बक्षीस. आणि प्रेताचं सोंग घेतलेली मुलगी खरोखरच मेलेली सापडते. लेखकाला कार्यक्रमाला बोलावलं की काय होतं, याविषयी ख्रिस्तीबाईंचं मत एवढ्यावरून ध्यानात यावं.

ग्रंथालयाशी या मंडळींचं नातं तसंही जरा संशयास्पदच. पूर्वीच्या इंग्रजी रहस्यकथेत प्रेत सापडायचं ते हवेलीतल्या लायब्ररीत. हे इतकं ठरून गेलं होतं, की ख्रिस्तीबाईंनी १९४२ साली 'द बॉडी इन द लायब्ररी' याच नावाची कादंबरी लिहिली. मराठी लेखकाची इथे पंचाईत होते. आपल्याकडे घरात लायब्ररी नसते, एक कपाट असतं. त्यात वरच्या खणात ज्ञानेश्वरी, मधल्या खणात दिवाळी अंक आणि खालच्या खणात लग्नाचे अल्बम. प्रेताला जागा नाही. म्हणजे मग सार्वजनिक वाचनालय. तिथे सकाळी वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाशी निवृत्त मंडळी बसलेली असतात. प्रेत कोपऱ्यात पडलं असेल, तर दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात येणार नाही. ते वर्तमानपत्रावर पडलं असेल, तर मात्र मिनिटभरात बोभाटा होईल.

पण गुप्तहेराला वाचनालयाइतकी सोयीची जागा नाही. कोणी कोणतं पुस्तक कधी नेलं, किती दिवस ठेवलं, परत आणताना काय सबब सांगितली, याची लेखी नोंद. आणि नोंदीत नसलेलं सगळं ग्रंथपालबाईंच्या डोक्यात. अमुक सरांनी अध्यात्माच्या दोन पुस्तकांच्या मध्ये काय नेलं, ते त्यांना ठाऊक असतं. पण बोलत नाहीत. शेरलॉक होम्सला वॉटसनऐवजी अशी एक बाई मिळाली असती, तर निम्मी प्रकरणं खुर्चीतून न उठता मिटली असती.

ही सरांची मधली पुस्तकं म्हणजे एके काळी बाबुराव अर्नाळकर. १९०६चा जन्म, १९९६ला निधन, आणि मधल्या काळात हजाराहून अधिक रहस्यकथा. झुंजार आणि काळापहाड ही त्यांची माणसं घरोघर पोचली, ती सर्क्युलेटिंग लायब्ऱ्यांच्या खांद्यावरून. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आपला फिरोज इराणी आणि दारा बुलंद घेऊन आले. आजच्यासारखे 'लेखक आपल्या भेटीला' तेव्हा यांच्या वाट्याला फारसे आले नाहीत. भिंतींवर तसबिरी असलेली वाचनालयं यांची पुस्तकं घ्यायची, वाचकांच्या हट्टापुढे नमून झिजेपर्यंत फिरवायची. व्यासपीठावर मात्र समीक्षकाला बोलवायची, ज्याचं पुस्तक नवंकोरं फळीवर राहायचं.

त्या काळात लेखक आणि वाचक यांचा संवाद पुस्तकातच व्हायचा, पेन्सिलीने. जाड पुठ्ठ्याची बांधणी केलेली प्रत उघडावी, तर पानाच्या कडेला कोणीतरी लिहून ठेवलेलं : 'खुनी वकील आहे.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात : 'साफ चूक. भाचा.' त्याखाली तिसऱ्याने : 'दोघांनीही गप्प बसावे. शेवटपर्यंत वाचणे.' आपण इमानाने शेवटपर्यंत जावं, तर शेवटचं पान गायब. दंड ग्रंथपाल आपल्याकडून वसूल करणार, वर संशयही आपल्यावरच. खुनी कोण हे कायमचं अधांतरी राहिलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यातले एक काका आजही भाच्यांशी जरा जपून वागतात.

परदेशात लेखकांना या उधारीच्या वाचनाचे पैसे मिळतात, हे कळल्यावर मला खूप वेळ अर्नाळकरांची आठवण येत राहिली. ब्रिटनमध्ये १९७९ साली तसा कायदा झाला. सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक गेलं, की दर खेपेला लेखकाच्या नावे काही पेन्स जमा. एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड, त्यावर नाही. म्हणजे लोकप्रिय मंडळींनी सगळा पैसा न्यायला नको. तिथे सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या नावांत गुन्हेकथा लिहिणारे कायम आघाडीवर असतात. आमच्या बाबुरावांनी ती मर्यादा बहुधा जानेवारीतच गाठली असती.

वाचनालयांचं हे असं. पुस्तकांच्या दुकानांमध्ये न्यूयॉर्कच्या 'मिस्टीरियस बुकशॉप'चं मला फार कौतुक आहे. ऑटो पेंझलर यांनी ते १९७९ साली १३ एप्रिलला उघडलं, आणि त्या दिवशी शुक्रवार होता. तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे आपल्या अमावास्येच्या जागी. रहस्यकथांच्या दुकानासाठी पंचांगात एवढा चोख मुहूर्त निघाला नसता. पेंझलर यांनी पुढे एक प्रथा पाडली : दर नाताळाला एका लेखकाकडून कथा लिहून घ्यायची, ती छोट्या पुस्तिकेत छापायची आणि गिऱ्हाइकांना भेट द्यायची. कथेत नाताळ हवा, रहस्य हवं आणि थोडा तरी भाग या दुकानात घडायला हवा. एड मॅकबेन, डोनाल्ड वेस्टलेक अशा मातब्बरांनी त्या लिहिल्या. आपल्याच दुकानात कागदोपत्री गुन्हे घडवून आणायचे आणि ते फुकट वाटायचे, असला दुकानदार मला तरी दुसरा ठाऊक नाही. आपल्याकडचे पुस्तकविक्रेते दिवाळीला कॅलेंडर देतात, तेही मोठ्या खरेदीवर.

रहस्यकथाकारांच्या कार्यक्रमांना जाऊन जाऊन माझं एक मत झालं आहे : खून करणारे लेखक फार सौम्य असतात. प्रेमकवी आयोजकांवर खेकसताना पाहिले आहेत. तीन प्रकरणांत चार मुडदे पाडणारा माणूस मात्र "चहा थोडा कमी चालेल" म्हणतो. श्रोते तेवढे साधे नसतात. पहिल्या रांगेतल्या आजी विचारतात, "त्या गोळ्या किती लागतात हो नक्की?" आणि शेजारचे आजोबा खुर्ची किंचित सरकवतात. ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधविभागात काम केलं होतं, त्यामुळे विषांचं त्यांचं ज्ञान पक्कं. १९२०च्या पहिल्याच कादंबरीची तारीफ औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने केली, आणि ते प्रशस्तिपत्र त्यांना फार आवडलं होतं. आमच्या आजींना सांगायला असं कोणी तज्ज्ञ हजर नसतं, तेच बरं.

एका लहान गावातल्या वाचनालयात झालेल्या कार्यक्रमात प्रश्नोत्तरं संपत आली असताना एक बाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, मी शेवटचं पान आधी वाचते." सभागृहात चुळबुळ झाली. लेखकाचा चेहरा पडला.

"मग उरलेलं पुस्तक कशाला वाचता, ताई?"

"तुम्ही कुठे कुठे फसवता ते बघायला. तुमच्या या पुस्तकात दोनदा पकडलं. त्या छत्रीपाशी आणि—"

"ताई, ताई," लेखक हात जोडत म्हणाला, "बाकीच्यांनी अजून वाचलं नाहीये."

कार्यक्रम संपल्यावर मी मुद्दाम रेंगाळलो. लेखकाने आपण होऊन त्या बाईंना गाठलं, कोपऱ्यात नेलं आणि दोघं छत्रीविषयी हलक्या आवाजात बराच वेळ बोलत राहिले. तिकडे टेबलाशी सह्यांसाठी लोक ताटकळत होते. त्याला पुस्तकाविषयी खरंखुरं बोलायला त्या संध्याकाळी एवढं एकच माणूस मिळालं होतं. तो सोडतो कशाला? शेवटी बाईंनी पिशवीतून प्रत काढून पुढे केली आणि सही मागितली. त्याने खूश होऊन पेन उघडलं, काय लिहावं याचा विचार करू लागला, एवढ्यात मागून ग्रंथपालबाईंचा आवाज आला.

"सर, थांबा. ती आमची प्रत आहे. ग्रंथालयाच्या पुस्तकात कोणीही काहीही लिहायचं नाही."