बारावीची आई

जून लागला की लातुरात उद्योग भवनाच्या मागच्या गल्ल्यांत टेम्पो यायला लागतात. शेगडी, प्लास्टिकचं पिंप, ज्वारीचं पोतं, टेबल, 'नीट' देणारं एक लेकरू आणि सामानाचा दोर धरून बसलेली त्याची माय. नवरा आणि शेत मुखेडला किंवा कंधारला राहतं. तिचा मुक्काम आता दहा बाय बाराच्या खोलीत.

शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी गुणवत्ता याद्या गाजवल्या आणि 'लातूर पॅटर्न' राज्यभर झाला. त्याच्या इतिहासात प्राचार्य आहेत, सराव परीक्षा आहेत. पहाटे साडेचारला चहाचं आधण ठेवणारी बाई नाही. तिला त्याचं काही नाही. तिचं लक्ष घड्याळाकडे.

180 मिनिटं, 180 प्रश्न, बरोबरला चार, चुकलं की वजा एक, एकूण 720. हे तिला सातबाऱ्यासारखं पाठ. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे काय ते विचारू नका; पण एनसीईआरटीच्या पुस्तकात त्याचं चित्र डाव्या पानावर की उजव्या, ते ती झोपेत सांगेल.

गच्चीवर कपडे वाळत घालताना दोघी भेटतात.

"किती पडले ओ तुम्हाला?"

"पाचशे चाळीस. फिजिक्सनं मारलं बघा."

"आमचं बायो चांगलं गेलं, पण केमिस्ट्रीत लई निगेटिव्ह झालं."

दोघींपैकी परीक्षा कोणी दिली, हे नवख्या माणसाला लवकर उमगत नाही.

रात्री नवऱ्याचा फोन.

"किती पडले पोराला?"

"चारशे ऐंशी."

"मागल्या टेस्टपेक्षा कमीच की!"

"तुमचं सोयाबीन कुठं वाढलंय औंदा?"

फोन तिकडूनच बंद होतो.

निगेटिव्ह मार्किंग तिनं स्वयंपाकातही आणलंय. "वरणात मीठ जास्त झालं का गं?" असं पोरगं चाचरत म्हणालं, तर उत्तर तयार : "खात्री नसंल तर सोडून द्यावं. वाचायलास का जेवायलास?"

खरी पंचाईत येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जातं. बाजारपेठेत कुत्रं दिसत नाही. पोरगं म्हणतं, आपणही जाऊ. "शेत कुठं पळून चाललंय? परवा टेस्ट हाय." विषय संपला. मग सकाळपासून तिचेच गावाकडं फोन सुरू. कडब्याची कोप नीट केली का? पाच पांडव मांडले का? आंबील घट्ट तर नाही झाली? उंडे कोणी केले, जाऊबाईनं? मग झालंच! दुपारी एसटीतून भज्जीचा डबा येतो. पोरगं जेनेटिक्सवर तो उघडतं, पानावर पिवळा डाग पडतो. ती डाग पुसते आणि बजावते, "हे पान आता विसरू नकोस."

मे महिन्यात पेपर. पूर्ण बाह्यांचा शर्ट चालत नाही, म्हणून तिनं आदल्या रात्रीच बाह्या कापलेल्या. केंद्राबाहेर लिंबाखाली अशा पन्नास आया. तीन वाजता एक म्हणते, "आता बायो झालं असंल." दुसरी म्हणते, "आम्ही फिजिक्स आधी घेतो."

निकालानंतर घरमालक भीत भीत विचारतो, "मग खोली रिकामी करणार का, ताई?"

"छे ओ! औंदा आम्ही रिपीट करायलोत. मागल्या खेपेला वेळच पुरला नाही आम्हाला. अन् भाडं वाढवू नका, जुने विद्यार्थी आहोत."