चौकोनी निष्ठा

कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला फुटबॉलचा संघ निवडायचा त्रास नसतो. ज्या पेठेत जन्म, त्या पेठेची तालीम, आणि तोच संघ. पाटाकडील तालमीचा पोरगा खंडोबा तालमीचा झेंडा घेऊन शाहू स्टेडियमवर गेलाय, असं मी अजून पाहिलेलं नाही. गेलाच असेल तर रात्री त्याला घरात घेतलं नसणार. वर्ल्ड कपच्या वर्षी चौकाचौकात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक समोरासमोर उभे राहतात आणि सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी धड बोलत नाहीत. असल्या गावातून मी पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. हॉस्टेलवर फुकटात मिळण्यासारखं एकच भांडण होतं : फिफा की पीईएस?

फिफा हा ईए स्पोर्ट्सचा गेम, १९९३पासूनचा. पीईएस, म्हणजे प्रो इव्होल्यूशन सॉकर, जपानच्या कोनामीचा. आमच्या खोलीतल्या प्लेस्टेशन २मध्ये पीईएस ६ची डिस्क होती, समोरच्या खोलीत फिफा ०७ची. माझी निष्ठा अशी खोली क्रमांकावरून ठरली. मग तिला तत्त्वज्ञान चिकटवायला मला फार वेळ लागला नाही. 'फिफा म्हणजे नुसता दिखावा रे. चेंडू पायाला फेविकॉल लावल्यागत चिकटतो. खरा फुटबॉल बघायचा असेल तर इकडं ये.' हे मी ज्या गेमबद्दल सांगत होतो त्यात इंटरच्या आद्रियानोची शॉटची ताकद १००पैकी ९९ होती आणि तो कुठूनही डाव्या पायानं हाणायचा, गोलकीपर फक्त साक्षीदार. पण वास्तववाद आमचाच.

पीईएसचं दुखणं वेगळं होतं. खेळ सोन्यासारखा, पण इंग्लंडच्या बहुतेक संघांची नावं वापरायचे हक्क ईएकडे. त्यामुळे आमच्याकडे लिव्हरपूल नव्हतं, 'मर्सीसाइड रेड' होतं. चेल्सी नव्हतं, 'लंडन एफसी' होतं. आधीच्या एका आवृत्तीत तर रोबेर्तो कार्लोसला 'लार्कोस' करून टाकलं होतं. एवढ्यानं तो कुणाला ओळखू येणार नाही, असं कोनामीच्या वकिलाला खरंच वाटलं असेल का, हा प्रश्न मला आजही पडतो. आपला संघ उभारायची 'मास्टर लीग' सुरू केली की पदरात पडायचे ते कास्तोलो, मिनांदा, इवारोव. हे जगात कुठंच नसलेले खेळाडू. मला मात्र वर्गातल्या निम्म्या पोरांपेक्षा ते जवळचे वाटायचे.

समोरच्या खोलीवाले दारात उभे राहून विचारायचे, 'काय, आज मर्सीसाइड रेडची मॅच का?' हे माझ्या जिव्हारी लागलं. गेममध्ये नावं, जर्सी, बोधचिन्हं बदलायची सोय होती. सबमिशन तोंडावर आलेल्या आठवड्यात मी इंग्लंडची अख्खी लीग दुरुस्त करायला बसलो. पडद्यावर अक्षरांचा तक्ता यायचा. बाणाच्या बटणानं एकेका अक्षरापर्यंत चालत जायचं, दाबायचं, परत चालायचं. 'वुल्व्हरहॅम्प्टन' त्या वर्षी खालच्या लीगमध्ये होतं, याबद्दल मी देवाचे आभार मानले. बोधचिन्ह तर ठिपका ठिपका रंगवून काढायचं होतं. लिव्हरपूलचा पक्षी काढता काढता पहाट झाली. खोलीतला मित्र उठला, डोळे चोळत पडद्याकडे बघत म्हणाला, 'अंड्याच्या जाहिरातीतली कोंबडी का रे ही?' आणि फोन चार्जिंगला लावायला त्यानं पाय पुढं टाकला. वायर, प्लग आणि त्याचा अंगठा यांची गाठ पडली, ती 'सेव्ह होत आहे, मेमरी कार्ड काढू नका' ही सूचना पडद्यावर असतानाच. ८ एमबीच्या त्या कार्डावर माझं सगळं इंग्लंड होतं. मशिन पुन्हा चालू केलं तर कार्ड कोरं. सबमिशनही कोरं होतं, पण त्याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही.

पुढं नोकरी, लग्न, पोट वगैरे यथासांग झालं, पण पक्ष सुटला नाही. २०१९मध्ये कोनामीनं युव्हेंटसचे हक्क पटकावले, आणि फिफा २०मध्ये युव्हेंटसचा रोनाल्डो चक्क 'पिएमोंते काल्चो' नावाच्या संघाकडून खेळू लागला. त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. काय निमित्त म्हणून विचारणाऱ्यांना 'घरगुती आहे' म्हणालो. तीन सहकाऱ्यांनी बायकोला फोन करून अभिनंदन केलं, ते प्रकरण वेगळंच.

मग २०२१ उजाडलं. कोनामीनं पीईएस हे नाव मोडीत काढून 'ई-फुटबॉल' आणला, आणि पहिल्याच दिवशी त्यातले खेळाडूंचे चेहरे बघून जग हसलं. डोळे एकीकडे, हसू दुसरीकडे. स्टीम या गेमविक्रीच्या साइटवर इतक्या वाईट शेऱ्यांचे धनी फारच थोडे गेम झाले असतील. मी महिनाभर मित्रांचे फोन टाळले. पण नियतीलाही तालमीचं राजकारण कळतं. ईए आणि जिचं नाव गेमला होतं ती फुटबॉलची जागतिक संघटना फिफा यांचं पैशावरून फाटलं, आणि २०२३पासून ईएचा गेम 'ईए स्पोर्ट्स एफसी' झाला. आम्हाला जन्मभर नावावरून चिडवणाऱ्यांचं स्वतःचंच नाव गेलं! वर २०२४मध्ये खुद्द फिफानं आपली ई-वर्ल्ड कप स्पर्धा कोनामीच्या ई-फुटबॉलवर भरवली. ही बातमी मी समोरच्या खोलीतल्या जुन्या मित्राला पाठवली. तो आता कॅनडात असतो. त्यानं उत्तरादाखल विचारलं, 'तू अजून खेळतोस?'

खेळत नव्हतो. म्हणूनच सोसायटीच्या गणपतीत 'एफसी २५'ची स्पर्धा लागली तेव्हा नाव दिलं. फॉर्मवर अनुभवाचा रकाना नव्हता, तरी समासात 'पीईएस, २००६पासून' असं लिहिलं.

आता एक तांत्रिक बाब. पीईएसमध्ये शॉट चौकोनाच्या बटणावर असतो आणि उंच पास गोल बटणावर. ईएच्या गेममध्ये बरोबर उलटं. शिवाय बचाव करताना पीईएसमध्ये चौकोन दाबून धरला की दुसरा साथीदार मदतीला धावतो. ईएकडे चौकोन म्हणजे घसरून टॅकल. भाच्यानं आदल्या दिवशीच सांगितलं, 'मामा, सेटिंगमध्ये अल्टरनेट म्हणून असतं. ते केलं की सगळं तुमच्यासारखं.' मी म्हणालो, 'आपण तालमीची माणसं. दुसऱ्याच्या मैदानावर त्याच्या नियमानं खेळून जिंकायचं.'

समोर बी विंगमधली सहावीतली मुलगी होती. पहिल्या पाच मिनिटांत माझा स्ट्रायकर गोलसमोर मोकळा सुटला. मी पूर्ण ताकदीनं चौकोन दाबला. चेंडू सुंदर कमान काढत कॉर्नरच्या झेंड्याकडे गेला. मग तिनं चाल केली. मी सवयीनं मदतीला माणूस बोलावला, आणि माझा सेंटर-बॅक तिच्या खेळाडूच्या दोन्ही पायांतून आडवा घसरत गेला. पेनल्टी. थोड्या वेळानं पुन्हा मदत मागितली. या वेळी लाल कार्ड. हाफटाइमला शून्य-तीन, मी दहा जणांत, आणि सेक्रेटरी काका माइकवरून 'खेळाडूंनी खिलाडूवृत्ती जपावी' असं आवाहन करत होते.

मी पाणी प्यायला उठलो. मांडवामागं उभा राहून स्वतःला घोकून घोकून बजावलं : गोल बटण म्हणजेच गोल. चौकोनाला हात लावायचा नाही. वीस वर्षांचा अंगठा वळवायचा तर मंत्रासारखं म्हणावं लागतं. आरतीला आलेल्या दोन आजी माझ्याकडे कौतुकानं बघून गेल्या.

परत आलो, आणि काय सांगू, अंगठा वळला होता. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच तिचा गोलकीपर पुढं येऊन चुकला. रिकामा गोल. मी शांतपणे, विचारपूर्वक गोल बटण दाबलं. चेंडू उंच उडाला, गोलच्या डोक्यावरून गेला आणि प्रेक्षकांत नाहीसा झाला.

भाचा कानाशी येऊन कुजबुजला, 'मामा, चौकोन दाबायचा ना! तुमची दया आली म्हणून मघाशी मी अल्टरनेट करून ठेवलंय.'

शून्य-पाचवर सामना संपला. मुलीनं शिस्तीत हात मिळवला आणि विचारलं, 'काका, तुम्ही पहिल्यांदाच खेळताय का?'

मी म्हणालो, 'हो.'