एकशे एकावन्नावी मर्सिडीज

ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या शहरातल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी एकजूट करून एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. मुंबई-दिल्लीच्या पत्रकारांनी आधी औरंगाबाद नकाशात शोधलं आणि मग बातमी छापली. पुढं शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, त्या गाड्यांचे हप्तेही एव्हाना फिटले असतील. त्या बातमीला एक पुरवणी मात्र जोडायची राहिली. एकशे एकावन्नावी मर्सिडीज सिडकोत, माझ्या गच्चीवरच्या खोलीत आहे. लांबी १९ सेंटिमीटरला जरा कमी.

गाडी ३०० एसएल, १९५४ सालची, वरच्या बाजूला उघडणाऱ्या दारांची. तामिया या जपानी कंपनीनं तिचा १:२४ मापाचा किट काढला आहे. सुटे भाग चिकटवणं फारसं अवघड नाही, सूचनापत्रिका आणि वाचनाचा चष्मा पुरे. अवघड आहे तो रंग. तोही चंदेरी, आणि असा गुळगुळीत की गाडी धातूची वाटली पाहिजे. मर्सिडीजच्या चंदेरीमागं तर एक दंतकथाच आहे. १९३४ साली नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीत गाडीला ७५० किलोंची मर्यादा होती, काटा ७५१ दाखवत होता. तेव्हा मेकॅनिकांनी रात्रभर बसून पांढरा रंग खरवडला, आतलं ॲल्युमिनियम उघडं पडलं आणि सकाळी गाडी चंदेरी होऊन जिंकली म्हणे. इतिहासकार यावर मान हलवतात, पण नकारार्थी. खरंखोटं काहीही असो, त्यांना जे रंग काढून मिळालं ते मला रंगाचे थरावर थर चढवून मिळवायचं होतं.

घरात या रंगकामाला ‘फवारणी’ म्हणतात. “अहो, फवारणी संपली की खाली या, दूध आणायचंय.” वास्तविक हा रंग ज्यानं मारतात तो एअरब्रश फार नाजूक यंत्र आहे. नोझलचं छिद्र ०.३ मिलिमीटर. बोटाखालचं बटण दाबलं की हवा येते, तेच मागं ओढलं की रंग येतो. चंदेरीला हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, म्हणजे पंक्चरवाला कारच्या चाकात भरतो त्याच्या साधारण निम्मा. एवढ्याशा हवेसाठी कॉम्प्रेसर मात्र असा धडधडतो की शेजारचे काका पहिल्या दिवशी टँकर आला समजून बादल्या घेऊन बाहेर आले होते. त्यांचा दोष नाही. आमच्याकडे नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येतं. आशियातल्या मोठ्या मातीच्या धरणांपैकी एक, जायकवाडी, पन्नासेक किलोमीटरवर आहे हे आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो आणि मग त्यांना अर्धा ग्लास पाणी देतो. अशा घरात २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून गाडी घासायला बसलेल्या माणसाकडे कुठल्या नजरेनं पाहिलं जात असेल, ते वाचकांनी ओळखावं.

चंदेरी रंगात रंग असा नसतोच. पारदर्शक लॅकर आणि त्यात ॲल्युमिनियमचे चपटे, बारीक कण. सगळे कण पृष्ठभागावर आडवे झोपले तर उजेड एका दिशेनं परत येतो आणि डोळ्यांना धातू दिसतो. काही उठून बसले, काही कुशीवर वळले की चमक गेली, नुसता करडेपणा राहिला. फार ओला हात मारला तर कण वाहत जाऊन घोळके करतात आणि दारावर ढग जमतात. फार कोरडा मारला तर कण हवेतच वाळून गाडीवर वाळूसारखे पडतात. बरं, खऱ्या गाडीचा मेटॅलिक रंग आणून मारावा, तर त्याचे कण या मापावर चोवीसपट मोठे दिसतात आणि गाडी वरातीला निघाल्यासारखी चमचमते. म्हणून मॉडेलवाल्यांची चंदेरी वेगळी, अतिबारीक दळलेली असते. तिची बाटली आपल्या अंगठ्याएवढी आणि किंमत सौभाग्यवतींना सांगण्यासारखी नसते.

हे कण झोपवायचे कसे, ते मला मोंढा नाक्याच्या पलीकडच्या एका गॅरेजातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या उस्तादांनी सांगितलं. मी खिशातून गाडीची बॉडी काढली तेव्हा ते हसले नाहीत, हा मोठेपणा. डोळ्यांजवळ धरून म्हणाले, “साब, चांदी नईं दिखती. चांदी के नीचे का काला दिखता.” अगदी बरोबर. आरशासारखी चंदेरी हवी असेल तर खाली चकचकीत काळा हवा. त्या काळ्यात जेवढे ओरखडे, जेवढी धूळ, जेवढा मोसंबीच्या सालीसारखा खडबडीतपणा, तेवढं सगळं वर चांदीत दामदुपटीनं उगवतं. त्यामुळं आठवडाभर मी काळाच रंग मारत होतो. मारायचा, वाळू द्यायचा, घासायचा, परत मारायचा. या काळात घरी आलेल्या मेहुण्यांना प्रश्न पडला की चंदेरी गाडीसाठी एवढं काळं कशाला? मी त्यांना मकबऱ्याला घेऊन गेलो.

बीबी का मकबरा गरिबांचा ताज म्हणून हिणवला जातो. आझमशाहनं आईसाठी तो बांधवला, ‘तारीखनामा’त खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे नोंदलेला आहे, आणि तेवढ्यात आग्र्याइतका संगमरवर येत नाही. म्हणून संगमरवर खाली कमरेइतका आणि वर घुमटाला, मधे सगळा आपला काळा बसाल्ट. पण त्या काळ्या दगडावर बारीक गिलावा चढवून तो असा घोटला आहे की जोड सहसा लक्षात येत नाही. हिणवणाऱ्यांना फिनिश या विषयातलं काही कळत नाही, एवढंच मी म्हणेन. मेहुण्यांनी शांतपणे ऐकलं. घरी जाऊन बहिणीला म्हणाले, “त्या काळातही बायकोला आण्यापर्यंत हिशेब द्यावा लागत असणार.” बायको गेल्यावर तिच्या मुलानं बांधलेली इमारत आहे, हे मी दाखवून दिलं. त्यावर दोघीही, म्हणजे आमच्या घरातली एकच, पण दोघींएवढं बोलली.

काळा जमला तरी आमच्या हवेचं काय करायचं? एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की रंग गाडीपर्यंत पोचायच्या आत वाळतो. त्यावर सावकाश उडणारा थिनर हा उपाय आहे. जुलैत उलटं. थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि काळ्यावर पांढुरकी साय येते. दाबलेल्या हवेतून पाणी सुटतं ते वेगळंच. पाइपात पाणी अडवणारी बाटली लावली नाही तर एअरब्रश मधेच शिंकतो. उरला हिवाळा. नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी आठ ते दहा, ऊन कोवळं, हवा कोरडी. या मुहूर्ताला शहरातल्या सगळ्या लग्नांचे मुहूर्तही असतात, ही नियतीची योजना. एकीकडे नवरदेवाच्या खऱ्या गाडीला फुलं लागत होती आणि इकडे मी, तोंडाला मास्क लावून, सहा-सात सेंटिमीटरवरून, बोनेटच्या बाहेर सुरू करून बोनेटच्या बाहेर थांबत, धुक्याइतके पातळ हात मारत होतो. आहेर पाठवून दिला.

धुळीचा हिशेब तर मापातच करावा. मिलिमीटरभराचा कण खऱ्या गाडीवर अडीच सेंटिमीटरचा खडा होतो. दीड इंचाचा केस म्हणजे टपावर जवळजवळ मीटरभर बाभळीची फांदी. आमचे रस्ते सदैव कुठल्या ना कुठल्या पाइपलाइनसाठी खणलेले असल्यामुळं हा कच्चा माल मुबलक. उपाय साधा आहे. खोलीत आधी पाण्याचा शिडकावा करायचा, धूळ खाली बसते. पाणी, हो. तेच.

शेवटी झाली. क्लिअरचा, म्हणजे वरच्या पारदर्शक लॅकरचा, हातही नाही मारला, कारण चंदेरीवर क्लिअर चढवला की धातूपण उतरतं, हे उस्तादांचंही मत पडलं. पेटीत घालून गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी हात पुसले, ती उन्हात धरली, तिरकी केली, उलटी केली, दार उघडून मिटलं. चहा सांगितला. दुकानासमोर रस्त्यावर उभ्या असलेल्या, डाव्या दाराला ओरखडा आणि मागच्या बंपरला पोचा असलेल्या दोन-चार गाड्यांकडे एकदा नजर टाकली.

“काम एकदम बरोबर है साब,” ते म्हणाले, “पर अपने शहर की नईं लगती. एक स्क्रॅच मार देऊं क्या दरवाजे पे?”