टर्बोबुवा

कॅलिफोर्नियात सनीव्हेल, क्युपर्टिनो, फ्रीमाँट या पट्ट्यात मराठी माणसांचे अनेक प्रकार आढळतात. शेअरबाजारवाले, मॅरेथॉनवाले, मुलांना स्पेलिंग बीला बसवणारे, लॉनवर जीव टाकणारे. त्यांत टर्बोबुवा हा प्रकार संख्येने अगदी लहान, पण आवाजामुळे लक्षात राहतो. वय पंचेचाळीसच्या पुढे. दिवसा सॉफ्टवेअरचं काम, तेही असं की चाललंय त्याला हात लावायचा नाही. हा नियम बुवा ऑफिसात काटेकोर पाळतात आणि त्याचा सगळा सूड संध्याकाळी गॅरेजात उगवतात.

आमच्या ओळखीतल्या बुवांच्या गॅरेजात १९९० सालची लाल माझदा मियाटा आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, बटण दाबलं की बॉनेटमधून डोळे वर काढणारी. सोळाशे सीसीचं इंजिन, ११६ अश्वशक्ती, वजन टनाच्याही आत. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा ताकदीचा आकडा बघून कुणाचेही डोळे विस्फारले नसतील. माझदाला ते नकोच होतं. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत ही जुनी जपानी कल्पना त्यांनी समोर ठेवली होती: ताकद बेताची, अंग हलकं, आणि पाय दाबला की त्याच क्षणी इंजिनाचा होकार. याच गुणासाठी जगाने तिला डोक्यावर घेतलं. बुवांनीही ती याचसाठी घेतली आणि घेतल्या दिवसापासून नेमका हाच गुण घालवायच्या मागे लागले.

"फक्त सहा पीएसआय रे," असं ते म्हणतात. हे वाक्य त्यांनी वहिनींना, मला, मंडळाच्या खजिनदाराला आणि एकदा सत्यनारायणाच्या भटजींनाही ऐकवलं आहे. वातावरणाचा दाब चौदा-पंधरा पीएसआय, त्यावर जेमतेम सहा म्हणजे काय मोठंसं? मग ते टर्बो समजावून सांगतात. एक्झॉस्टमधून वाया जाणारा तापलेला वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. मिनिटाला लाखावर फेरे. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. "आणि हे सगळं फुकट!" यातला 'फुकट' म्हणताना बुवांचा चेहरा उजळतो. या फुकटापायी किती डॉलर गेले ते वहिनींनी मोजलेलं आहे. सांगत नाहीत, एवढंच.

कारण टर्बो एकटा येत नाही. नवरदेवाला चहाला बोलवावं आणि दारात अख्खी वरात उभी राहावी, तसं होतं. कोंबलेली हवा तापते म्हणून ती गार करायला इंटरकूलर. तो रेडिएटरच्या तोंडावर येतो, म्हणून रेडिएटर मोठा. हवा मोजणारी मूळची झडप या वाऱ्यापुढे टिकत नाही, म्हणून ती काढून नवा कॉम्प्युटर, त्याच्या दिमतीला मोठे इंजेक्टर. या इंजिनाचं कॉम्प्रेशन ९.४, टर्बोच्या मानाने चढंच. जास्त दाबाखाली पेट्रोल नको तिथे, नको तेव्हा पेट घेतं आणि पिस्टनवर अक्षरशः घाव बसतात, म्हणून ठिणगी उशिरा टाकायची. कॅलिफोर्नियातल्या पंपावर सगळ्यात महाग पेट्रोल मिळतं ते ९१ ऑक्टेनचं, म्हणून राज्य सरकारला शिव्या. ताकद वाढली की क्लच घसरतो. क्लच बदलला की मागचा डिफरन्शियल कुरकुरतो, कारण सुरुवातीच्या मियाटांचा तो भाग नाजूकच, त्यामुळे पुढच्या १.८ लिटरच्या गाडीचा शोधून आणायचा. इथवर आलं की बुवा थांबतात, चहाचा घोट घेतात आणि म्हणतात, "बाकी गाडी अगदी ओरिजिनल आहे."

टर्बोला तेल लागतं, आणि ते तेल परत जायला वाट लागते. मियाटाच्या ऑईलपॅनला अशी वाट नाही, कारण कंपनीच्या मनात असलं काही नव्हतंच. तेव्हा धडधाकट गाडीच्या ऑईलपॅनला स्वतःच्या हाताने भोक पाडायचं. या मुहूर्तावर मला बोलावणं होतं, बॅटरी धरायला. बुवांनी ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासलं, म्हणजे कीस आत न पडता ग्रीसला चिकटेल. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मला वाटलं अथर्वशीर्ष. नीट ऐकलं तर कॉर्की बेल यांच्या 'मॅक्झिमम बूस्ट' या पुस्तकातल्या सूचना होत्या. पोथी म्हणावं असं ते एकच पुस्तक बुवांकडे, १९९७ सालचं, पानोपानी काळ्या बोटांचे ठसे.

मॅनिफोल्डला उष्णतेचा रंग दिला तेव्हा तो भाजून पक्का करायला ओव्हन लागला. घरात ओव्हन एकच. त्या दिवाळीत नानकटाईला जो वास आला त्याबद्दल आम्ही पाहुण्यांनी चकार शब्द काढला नाही. वहिनींनी मात्र पुढच्या पाडव्याला ओवाळणी म्हणून नवा ओव्हन मागून घेतला. जुना गॅरेजात गेला. बुवांच्या मते सगळ्या प्रकल्पातली सर्वात यशस्वी खरेदी हीच.

बुवांना इतिहासही तोंडपाठ. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरचं १९०५चं पेटंट, मग सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीकवर, चौदा हजार फुटांवर नेऊन विरळ हवेत टर्बोचा प्रताप दाखवला ती गोष्ट. ही ते रंगवून सांगतात. सनीव्हेल खाडीकाठी आहे, हवा भरपूर आहे, हे आपण मध्येच बोलायचं नसतं. १९६२च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरचंही नाव निघतं, पण अर्धंच. त्या गाडीत टर्बोसोबत मेथॅनॉल आणि पाण्याचं मिश्रण भरावं लागे, मालक ते भरायला विसरत, आणि शेवटी कंपनीच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायला लागली. हा उत्तरार्ध मी त्यांना एकदा ऐकवला. त्यानंतर महिनाभर मला बॅटरी धरायला बोलावलं नाही.

चिंचवडहून बुवांचे वडील आले होते. टेल्कोतून निवृत्त, उभा जन्म ट्रकच्या इंजिनात गेलेला. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं.

"टर्बो आमच्या ट्रकला असायचा," ते म्हणाले. "माल भरून घाट चढायला. तुला कुठला घाट चढायचाय?"

"बाबा, पॉवरसाठी आहे हे."

"आधी चालत नव्हती का?"

बुवांनी इंटरकूलर दाखवला. बाबांनी तो निरखला, वेल्डिंग बरं आहे म्हणाले आणि देवळात निघून गेले. वेल्डिंग बरं आहे हे वाक्य बुवांनी पुढे मंडळात सगळ्यांना सांगितलं, आधीचे दोन प्रश्न वगळून.

आता गाडी चालते. म्हणजे १०१ हायवेच्या संध्याकाळच्या गर्दीत ताशी दहा मैलांनी चालते, आणि बुवांनी डॅशबोर्डवर हौसेने बसवलेल्या बूस्टच्या काट्याला शून्याच्या वर येण्याची संधी मिळत नाही. रविवारी पहाटे स्कायलाइनच्या वळणांवर मात्र पाय दाबावा, क्षणभर काहीच होऊ नये, आणि मग एकाएकी कुणीतरी मागून ढकलावं तशी गाडी सुटते. तेवढ्यात वळण संपतं. परतल्यावर मॅनिफोल्डचे स्टड आवळायचे, कारण तापून ते सैल होतात. मियाटावाल्यांत हा रोग सर्वांच्या परिचयाचा. त्यावर जेट इंजिनांत वापरतात त्या इनकोनेलचे स्टड मिळतात. मागवलेत.

आणि दर दोन वर्षांनी स्मॉग टेस्ट. इथे टर्बोला राज्याचा मंजुरी क्रमांक लागतो. बुवांच्या टर्बोला तो नाही, त्यामुळे तपासनीसाने बॉनेट उघडलं की सारंच उघडं पडणार. म्हणून टेस्टच्या आधी दोन दिवस सुटी टाकून बुवा सगळं उतरवतात: टर्बो, इंटरकूलर, इंजेक्टर, कॉम्प्युटर. ऑईलपॅनच्या भोकाला बूच. जुने भाग फडताळात लेबलं लावून ठेवलेले असतात, ते परत चढतात. हे कायद्यात बसत नाही हे त्यांना ठाऊक आहे. त्या दोन दिवसांत ते कुणाच्या नजरेला नजर देत नाहीत.

यंदा गाडी रोलरवर चढली, धूर मोजला गेला, पास झाली. बुवा सरळ घरी आले नाहीत. स्कायलाइनवरून लांबचा फेरा घेऊन आले आणि आमच्या दारात थांबले. टप उघडा, केस विस्कटलेले, चेहरा कधी नव्हे इतका शांत.

"काय चालते रे!" ते म्हणाले. "पाय ठेवला की लगेच. थांबणं नाही, ढकलणं नाही. वळणात कशी नाचते! मला कळलंच नव्हतं."

मला भरून आलं. इतक्या वर्षांत प्रथमच गाडीने आपली बाजू स्वतः मांडली होती. मी म्हटलं, मग आता तशीच ठेवा.

"तेच सांगतोय," बुवा म्हणाले. "आपला टर्बो फार मोठा होता. लहान घ्यायला हवा. गुरुवारी येतोय."