आधी लिंबू, मग लायसन

नाशिकमध्ये नवी स्कूटर घेतली की तिचे सगळे संस्कार यथासांग होतात. शोरूममध्ये पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात घेऊन सहकुटुंब फोटो, मग वरात थेट नवश्या गणपतीला. हँडलला झेंडूचा हार, मडगार्डवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. पेढा तोंडात टाकताना एखादी आत्या विचारते, "लायसन काढलंस ना रे?" चिरंजीव म्हणतात, "काढू गं, आधी हात तर बसू दे."

हात बसवायला गंगापूर रोड आहेच.

कायद्याचा क्रम उलटा आहे. आधी शिकाऊ परवाना, गाडीवर लाल 'एल', आणि मागे कोणी बसलंच तर ते परवानाधारक शिकवणारं माणूस. आपल्याकडे मागे मित्र बसतो. त्याचाही हात बसायचाच असतो. 'एल'साठी तर गाडीवर जागाच उरत नाही, कारण तिथे आधीच आईचा आशीर्वाद चिकटवलेला असतो.

जून 2021 पासून राज्यात शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येते. प्रश्न 15, त्यातले 9 बरोबर आले की पास. कॅमेऱ्यासमोर चिरंजीव, कॅमेऱ्याच्या कडेला उत्तरं पुटपुटणारा मामा आणि ओटीपी वाचून दाखवणारे बाबा. एकत्र कुटुंबपद्धती मोडीत निघाली म्हणणाऱ्यांनी ही परीक्षा एकदा बघावी. पक्क्या परवान्यासाठी मात्र तीस दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत पेठ रोडच्या आरटीओत स्वतः जावं लागतं. तिथे मामाचा उपयोग नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर चौकात दाखवायला. विनापरवाना सापडलं तर पाच हजार, विमा नसेल तर दोन हजार, एवढं मात्र सगळ्यांना पाठ. शहर पोलिसांनी 15 ऑगस्ट 2021 पासून हेल्मेटशिवाय पेट्रोल बंद केलं, तेव्हा पंपावर एकच हेल्मेट रांगेतल्या चौघांच्या डोक्यांवरून फिरून आलं. टाकी भरली, डोकी होती तशीच राहिली.

विम्याची तर आणखी मजा. तो आपण काढतच नाही, शोरूमवाला काढतो आणि 'ऑन रोड' किमतीत जमा करतो. सीट कव्हर फुकट मिळावं म्हणून अर्धा तास घासाघीस करणारे काका पॉलिसीवर मात्र न वाचता सही ठोकतात. विचारलं तर ऐटीत सांगतात, "पाच वर्षांचा आहे!" आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. पण त्यातून भरपाई मिळते ती आपण ज्याला ठोकू त्याला. आपल्या गाडीच्या चोरीचा आणि मोडतोडीचा भाग, म्हणजे 'ओन डॅमेज', बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी भाजीबाजारातून गाडी गेली की काका पॉलिसी नाचवत कंपनीत जातात आणि तिथे आयुष्यात पहिल्यांदा ती वाचतात.

मालकाचा स्वतःचा अपघात विमाही असतो, 15 लाखांचा. मृत्यू आला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर उपयोगी पडावा असा. त्याची एक अट: चालवणाऱ्या मालकाकडे वैध परवाना हवा. म्हणजे हात बसेपर्यंतचा सगळा काळ लिंबाच्या भरवशावर.

आणि विनापरवाना चिरंजीवांनी कोणा आजोबांना उडवलं तर? न्यायालय अनेकदा कंपनीला सांगतं, आधी आजोबांना पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. मालक कोण? आरसीवर ज्याचं नाव तो. बहुतेक घरांत ते नाव बाबांचं असतं, ओटीपी वाचून दाखवणाऱ्या. मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद हेही कायद्यात लिहिलंय. आजोबांचं काय झालं, हा प्रश्न या सगळ्या हिशेबात कोणीच विचारत नाही. थर्ड पार्टी म्हणजे तेच आजोबा.

तेव्हा बाबा, आज घरी गेल्यावर एवढं करा: डिकीतली पॉलिसी काढा, 'ओन डॅमेज'पुढची तारीख वाचा, आणि पक्कं लायसन हातात येईपर्यंत चावी स्वतःच्या खिशात ठेवा.